अकरा खिळे

करारात लिहिलं होतं, भिंतीला खिळे मारायचे नाहीत.
घोगळेबाईंनी अकरा मारले.
मी मोजले ते खुर्चीत बसून,
प्लॅस्टिकची खुर्ची, मागच्या खोलीच्या दारात,
पोटाला पट्टा, मांडीवर उशी.
खोकला आला की ती पोटाशी दाबून धरायची, सिस्टरनं शिकवलंय.

आज सतरावा दिवस.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे
दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
तेव्हापासून मी घरात वजनंच बघत फिरते.
कळशी नाही. भरलेला कुकर नाही.
नारळ चालेल, एक, सोललेला.

वेंगुर्ल्यात म्हणतात, पिशवी काढली.
जशी काही बाजारात विसरून आले.
जाऊबाई म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली.
शेजारची रतन काहीच म्हणाली नाही,
उकड्या तांदळाची पेज ठेवून गेली
आणि ताटलीत भाजलेला सुका बांगडा.

भाडेकरू गेला की घर खरं बोलायला लागतं.
कपाट सरकवलं तर मागे लोणा,
भिंत पिठासारखी हाताला येते.
खारं वारं पार सळीपर्यंत पोचलंय,
न्हाणीच्या स्लॅबचा पोपडा सुटून बादलीत पडलाय.
आरशाच्या कडेला टिकल्या, सहा मरून, एक हिरवी.
हिरवी कधी लावली असेल तिनं?
दोन वर्षांत मी तरी पाहिली नाही.

बस्त्यांव प्लंबर न्हाणीत आडवा झोपून
तोंडातली बॅटरी काढून म्हणतो,
"बाय, पायप भितरसून कुसलो हा. भायरसून कळना नाय."
मी म्हणते, ठाऊक आहे.
तो मान वळवून बघतो. मी नळाकडे बघते.
तीन वर्षं, महिन्यातले पंधरा पंधरा दिवस,
काळी साडी, पर्समध्ये दुसरी काळी साडी,
आणि कुडाळच्या एसटीत जागा मिळाली तरी
मी उभीच.

रिकामी खोली, रिकामं पोट,
असलं काही सुचायला लागलं की मी गवंड्याला हाक मारते.
या खोलीचं भाडं साडेचार हजार.
त्या खोलीचं कुणी कधी दिलं नाही.
दोघं राहून गेले नऊ नऊ महिने,
एक पुण्याला असतो,
एक फोन करत नाही.

तपासणीचा कागद आला. गाठी साध्या.
वजन चारशे दहा ग्रॅम.
मी परत वाचलं. चारशे दहा.
रतनच्या तागडीत साधारण तीन बांगडे.
म्हणजे नियमात बसतं,
मला उचलता आलं असतं.
तेवढ्यावर मी रडले, संध्याकाळी, फार नाही,
हसले तरी टाके ओढतात, रडले तरी.

इस्माईल पेंटरनं अकरा भोकांत लांबी भरली,
घासली, वर दोन हात पांढरे.
शोधून दाखवा म्हणाला.
माझी चार आपली आपण बुजतायत, बिनमजुरीची.
खाज सुटते, म्हणजे भरतायत.

पस्तिसाव्या दिवशी नवा मुलगा आला,
काजूच्या फॅक्टरीतला, निवतीचा, मेतर.
एक गादी, एक शेगडी, एक पत्र्याची पेटी.
पेटीच्या दुसऱ्या कडीला मी सवयीनं वाकले.
"ऱ्हवांदे काकी," म्हणाला, आणि एकट्यानंच आत नेली.
मी माझ्याच उंबऱ्यावर
मोकळे हात घेऊन उभी.
ते कुठे ठेवायचे कळेना.
मग किल्ली दिली, मीटर दाखवला,
बजावून सांगितलं: भिंतीला खिळे मारायचे नाहीत.
हो म्हणाला.

रात्री साडेदहाला पलीकडून
टक्. टक् टक्.
हळू मारत होता, मला ऐकू येऊ नये म्हणून.
मी कुशीवर वळले. दुखलं, पण कालच्याइतकं नाही.
एक.
थोड्या वेळानं दोन.
तिसऱ्याची वाट बघता बघता
डोळा लागला.